सदोष आराखडा, यशस्वी योजना : छत्तीसगडच्या धान्यवितरणाचा धडा

नियोजनाच्या पाठ्यपुस्तकांत योजनेचे यश हे तिच्या आराखड्याच्या निर्दोषपणाचे फळ मानले जाते. उद्दिष्ट नेमके असावे, लाभार्थी निश्चित असावेत, खर्चाचा अंदाज अचूक असावा आणि अंमलबजावणीची यंत्रणा आधीच सज्ज असावी, अशी अपेक्षा असते. इतिहासात मात्र असा सरळ संबंध क्वचितच आढळतो. अनेक काटेकोर आराखडे कागदावरच राहिले. उलट, ज्यांतील उणिवा पहिल्याच वर्षी उघड झाल्या, अशा काही योजना लक्षावधी कुटुंबांच्या पदरात काहीतरी टाकून गेल्या. हे केवळ नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. पुढील योजना कशा आखाव्यात आणि आखल्यानंतर त्यांच्याकडे कसे पाहावे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर दिले. जागतिक बँकेच्या साहाय्याने निरनिराळ्या देशांत उभ्या राहिलेल्या प्रकल्पांची पाहणी करून ते या निष्कर्षास आले, की पुढे येणाऱ्या अडचणींची पूर्ण कल्पना असती तर यातील कित्येक प्रकल्प कोणी हातीच घेतले नसते. अडचणींबरोबर स्वतःची कल्पकताही माणूस कमी लेखतो आणि संकटात सापडल्यावर ती कामाला लावतो. अडचणी दृष्टीआड करणाऱ्या या शक्तीस त्यांनी ‘लपविणारा हात’ असे म्हटले. त्यांचे आवडते उदाहरण तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील कर्णफुली कागद गिरणीचे होते. चितगाव डोंगराळ भागातील बांबूवर विसंबून ही गिरणी उभारण्यात आली. परंतु तेथील बांबूला फुलोरा आला आणि बने वाळून गेली. मग नदीमार्गे दूरदूरच्या भागांतून बांबू आणण्याची व्यवस्था उभी राहिली व लगद्यासाठी अन्य वनस्पतींचा शोध सुरू झाला. बांबूच्या फुलोऱ्याचा अर्थ गडचिरोली आणि बस्तरच्या वाचकांस निराळा सांगावयास नको.

हर्शमन यांचे विवेचन आकर्षक असले, तरी त्यात एक धोका आहे. ‘अज्ञानातून यश’ या सूत्राचा आधार घेऊन कोणताही कच्चा आराखडा पुढे रेटता येतो. तेव्हा हे सूत्र एखाद्या प्रत्यक्ष योजनेवर घासून पाहणे आवश्यक ठरते. त्यासाठी रायपूर हे सोयीचे ठिकाण आहे.

एका लोहमार्गाची कथा

प्रथम थोडे मागे जाऊ. १८६७ मध्ये मुंबईकडील रुंदमापी लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला होता. त्यापलीकडील छत्तीसगडच्या सुपीक मैदानातील धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून बाहेर पडत असे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नागपूर ते राजनांदगाव हा नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग बांधण्यात आला व १८८२ पर्यंत तो पूर्ण झाला. मात्र तो मीटरमापी होता. त्यामुळे नागपुरास प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. शिवाय रायपूर हे प्रदेशातील मुख्य ठिकाण असूनही हा मार्ग त्याच्या अलीकडे सुमारे सत्तर किलोमीटरवरच थांबला होता.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंदमापी केला आणि रायपूर, बिलासपूरमार्गे तो १८९१ पर्यंत आसनसोलला नेऊन भिडविला. आज मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या याच वाटेने धावतात. अर्धवट व चुकीच्या मापाचा एक तुकडा देशाच्या मुख्य मार्गाचा भाग झाला, हे निःसंशय यश होय. परंतु ते कोणत्या उद्दिष्टाचे यश होते, हेही विचारावयास हवे. मार्ग झाल्यानंतरही १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांत छत्तीसगडला दुष्काळाने होरपळून काढले. लोहमार्गाने धान्य आत आणता येते, तसेच ते बाहेरही नेता येते. आणि ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्यासाठी स्थानकावर रचलेली पोती असून नसल्यासारखीच. सदोष योजना सफल झाली असे म्हणताना ती कोणासाठी सफल झाली हे पाहिले नाही, तर अभ्यास अर्धाच राहतो.

भुकेच्या प्रश्नाला याच प्रदेशाने उत्तर शोधले, ते शंभर वर्षांनी आणि शिधावाटप दुकानाच्या मार्गाने.

२००४ चा आदेश आणि त्यातील उणिवा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. ‘धानाचा कटोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या राज्यात शिधावाटपाची अवस्था मात्र दयनीय होती. २००१ पासून रास्त भाव दुकाने खाजगी व्यक्तींना चालविण्यास देण्यात आली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढलेल्या अनुमानांनुसार २००४-०५ च्या सुमारास राज्यातील शिध्याच्या धान्यापैकी जवळजवळ निम्मे धान्य कार्डधारकांपर्यंत पोहोचतच नव्हते. हे दोष गावोगावी सर्वांना ठाऊक होते. तथापि ज्याचे धान्य बुडे त्याला दुकानदाराला जाब विचारण्याची सोय नव्हती, आणि ज्याला विचारता आले असते त्याला त्या धान्याची गरज नव्हती.

२००४ च्या अखेरीस राज्य शासनाने सार्वजनिक वितरण प्रणाली नियंत्रण आदेश काढला. त्यान्वये खाजगी व्यक्तींकडील दुकाने काढून घेऊन ती ग्रामपंचायती, महिला बचत गट, सहकारी संस्था आणि वनसंरक्षण समित्यांकडे सोपविण्याचे ठरले. दुकानदार न्यायालयात गेले, काही काळ अंमलबजावणी खोळंबली, परंतु आदेश टिकला.

आराखडा म्हणून पाहिल्यास या आदेशात गंभीर त्रुटी होत्या. एक साधा हिशेब मांडून पाहू. दोनशे शिधापत्रिकांच्या गावात प्रत्येकी ३५ किलोप्रमाणे महिन्याला ७० क्विंटल तांदूळ लागतो. दुकानाला मिळणारे कमिशन क्विंटलमागे ८ रुपये होते. म्हणजे महिनाभराच्या कामाचे ५६० रुपये. त्यातून मोजणाऱ्याची मजुरी, दिवाबत्ती, उंदरांनी खाल्लेले धान्य आणि तोलातील घट भागवावयाची. धान्य उचलण्यापूर्वी रक्कम भरावी लागे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीचा केंद्राचा निर्गम दर, किलोस ५ रुपये ६५ पैसे, धरला तरी ही रक्कम चाळीस हजारांच्या घरात जाते. आठवड्याला दहा-वीस रुपये बाजूला टाकणाऱ्या बचत गटाने ती कोठून आणावी? आणि गोदामापासून तीस-चाळीस किलोमीटरवरील गावी ट्रक कोणाच्या भरवशावर न्यावा?

ज्या दुकानात प्रामाणिकपणे पोट भरत नाही, ते एकतर बंद पडते किंवा चोरीवर चालते. खाजगी दुकानदाराच्या बाबतीत जे घडले, तेच बचत गटाच्या बाबतीत घडणार असे कोणाही तज्ज्ञाने सांगितले असते. आणि आदेश आहे तसाच राहता तर ते भाकीत खरेही ठरले असते.

परंतु आदेश आहे तसा राहिला नाही. कमिशन ८ रुपयांवरून ३० रुपये व पुढे त्याहूनही अधिक करण्यात आले. वरच्या उदाहरणातील गावाचे ५६० रुपये २,१०० झाले. प्रत्येक दुकानाला खेळते भांडवल म्हणून ७५,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्यात आले. उचलीची जबाबदारी दुकानाकडून काढून राज्य नागरी पुरवठा महामंडळाकडे सोपविण्यात आली. महाराष्ट्रात जिला आपण द्वारपोच योजना म्हणतो, तीच ही व्यवस्था. वाहतुकीचे ट्रक पिवळ्या रंगात रंगविण्यात आले, जेणेकरून हा ट्रक शिध्याचा आहे हे रस्त्यावरच्या कोणालाही कळावे व तो एखाद्या भातगिरणीच्या दारात दिसला तर लपू नये. दुकानांची संख्या साडेआठ हजारांच्या आसपास होती, ती दहा हजारांपलीकडे नेण्यात आली. २००७-०८ पासून धानाची खरेदी, भरडाई, साठा आणि वितरण यांचे हिशेब संगणकावर आले. रंगाचा डबा आणि संगणक या दोहोंत अधिक उपयोग कशाचा झाला हे सांगणे कठीण आहे. या लेखकाचा कल रंगाच्या डब्याकडे आहे.

जे दोष दोष ठरले नाहीत

येथवर पाहिलेले दोष दुरुस्त झाले. परंतु या योजनेत आणखी दोन गोष्टी होत्या, ज्यांना तज्ज्ञ दोषच म्हणत, आणि त्या दुरुस्त न होताच उपयोगी पडल्या.

पहिली गोष्ट लाभार्थ्यांच्या संख्येची. केंद्राच्या हिशेबी राज्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे सुमारे पावणेएकोणीस लाख होती. २००७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री खाद्यान्न सहायता योजनेद्वारे राज्याने स्वतःच्या तिजोरीतून ही व्याप्ती जवळजवळ दुप्पट केली. गरजूंबरोबर बिनगरजूंनाही धान्य जाईल आणि पैसा वाया जाईल, असा आक्षेप घेतला गेला. दुसरी गोष्ट दराची. २००८ च्या आरंभी तांदूळ किलोला ३ रुपये करण्यात आला, तर २००९ मध्ये अंत्योदय कुटुंबांना १ रुपया व इतरांना २ रुपये. सरकारी दर व बाजारभाव यांतील अंतर जितके मोठे, तितका चोरीचा मोह मोठा, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. त्याप्रमाणे २००८ नंतर गळती वाढावयास हवी होती.

ती घटली. २००४-०५ मध्ये निम्म्याच्या आसपास असलेले गळतीचे प्रमाण २००९-१० पर्यंत दहा टक्क्यांच्या जवळ आल्याचे अनुमान रीतिका खेरा आणि ज्याँ द्रेझ यांच्या अभ्यासांत मांडले आहे. २०११ मध्ये नऊ राज्यांत झालेल्या पाहणीतही छत्तीसगडमधील कुटुंबांना त्यांच्या हक्काचे बहुतेक सर्व धान्य मिळत असल्याचे आढळले.

याचे स्पष्टीकरण नियम चुकीचा आहे असे नसून तो अपुरा आहे असे आहे. दर उतरला तसा दुकानदाराचा मोह वाढला, हे खरे. पण त्याच प्रमाणात ग्राहकाचे नुकसानही वाढले. पाच-सहा रुपयांचा तांदूळ बुडाला तर मजूर स्त्री बाजारातून थोडे अधिक देऊन घेई आणि गप्प बसे. रुपया-दोन रुपयांचा ३५ किलो तांदूळ बुडणे म्हणजे महिनाभराची चूल बुडणे. शिवाय आता शिधापत्रिका केवळ गावाच्या टोकाला राहणाऱ्या दहा घरांकडे नव्हती. ती शाळेत शिकविणाऱ्याच्या भावाकडे होती, पंचाच्या चुलत्याकडे होती आणि दुकान चालविणाऱ्या बचत गटातील बाईकडेही होती. तक्रार करू शकणारा आणि तक्रारीचे कारण असणारा, हे दोघे प्रथमच एका रांगेत उभे राहिले. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत तांदूळ हाच बोलण्याचा विषय होता; डॉ. रमण सिंह यांना लोक ‘चाउर वाले बाबा’ म्हणू लागले. मंत्रालयातील अधिकाऱ्यांना दुकानांची खबर ठेवावी लागली, त्यामागे हेही कारण होते.

हर्शमन यांच्या सिद्धान्तात अडचणी प्रकल्पाधिकाऱ्यांना दिसतात आणि कल्पकता त्यांचीच कामी येते. छत्तीसगडमध्ये अडचणी प्रथम दिसल्या त्या पिशवी घेऊन आलेल्या ग्राहकांना. दोष लपून राहिले नाहीत, हेच येथे कामी आले.

महाराष्ट्रातील वाचकांस या संदर्भात रोजगार हमी योजनेची आठवण होईल. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे प्रयोग म्हणून सुरू झालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचा आधार मिळाला. खडी फोडण्याची कामे, पुढच्या पावसात वाहून जाणारे रस्ते, हजेरीपटावरील खोटी नावे यांसाठी ती सतत टीकेचा विषय राहिली. तरीही काम मागण्याचा हक्क मजुराच्या हाती असल्यामुळे तिला गुंडाळून ठेवणे सोपे नव्हते. १९९० मध्ये तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याची प्रेरणा म्हणून सदैव तिचेच नाव घेतले गेले.

रायपूर शहरातील प्रयोग

मार्च २०१२ मध्ये रायपूर शहरात आणखी एक पाऊल टाकण्यात आले. कार्डधारकाने ठरलेल्याच दुकानातून नव्हे, तर शहरातील पसंतीच्या कोणत्याही दुकानातून शिधा घ्यावा, अशी ही सोय होती व तिला ‘मेरी मर्जी’ असे समर्पक नाव दिले गेले. आरंभी आरोग्य विम्याची स्मार्ट कार्डेच या कामी वापरण्यात आली. ही उसनवारी अडचणीची होती आणि यंत्र जोडणीअभावी थांबले की रांगही थांबे. परंतु उद्धट बोलणाऱ्या वा कमी मापणाऱ्या दुकानदाराकडे पाठ फिरविण्याचा अधिकार मिळताच कमिशन ग्राहकामागे चालू लागले. अर्थात एका मोहोल्ल्यात चार दुकाने असतील तेथेच या अधिकाराला अर्थ आहे. बस्तरमधील ग्रामपंचायतीत दुकान एकच; तेथे पसंती कोणातून करावयाची?

‘एक देश, एक शिधापत्रिका’ या राष्ट्रीय योजनेचा आंतरराज्य आरंभ ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात या जोड्यांपासून झाला. कोठेही धान्य घेण्याच्या सोयीचा प्रयोग इतक्या आधी करणारे छत्तीसगड तीत फेब्रुवारी २०२२ मध्ये, अगदी शेवटच्या राज्यांच्या बरोबरीने सामील झाले. वेळेआधी उभी केलेली स्वतःची यंत्रणा नंतरच्या राष्ट्रीय यंत्रणेशी जुळवून घेणे सोपे नसते, असे यावरून वाटते.

उरलेले दोष

डिसेंबर २०१२ मध्ये, राष्ट्रीय कायद्याच्या आधीच, राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा संमत केला. व्यापक लाभाची मर्यादाही त्यानंतर दिसली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे ५६ लाख कुटुंबे होती. शिधापत्रिकांची संख्या मात्र सत्तर लाखांच्या घरात गेली. कुटुंबामागे ठरलेले धान्य अधिक मिळावे म्हणून कुटुंबेच कागदोपत्री विभागली गेली. पडताळणी करून २०१४ मध्ये मोठ्या संख्येने कार्डे रद्द करण्यात आली, तेव्हा त्यात काही खऱ्या गरजूंची नावेही गळाली आणि ओरड झाली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये तर नागरी पुरवठा महामंडळाच्या कार्यालयांवरच छापे पडले. कोट्यवधींची रोकड हाती लागली आणि निकृष्ट तांदूळ व मीठ स्वीकारण्यासाठी पैसे घेतले जात असल्याचे आरोप झाले. ही घटना योजनेच्या टीकाकारांनी आणि समर्थकांनीही नीट वाचली नाही, असे म्हणावेसे वाटते. दुकानाच्या काट्यावरील चोरी ग्राहकाला दिसते, म्हणून ती घटली. भातगिरणी आणि गोदाम यांच्यामध्ये तांदळाची प्रत कोण तपासतो, हे त्या काट्यापासून दिसत नाही. जेथे लोकांची नजर पोहोचली तेथे दोष सुधारले, जेथे ती पोहोचली नाही तेथे ते साचत गेले.

हर्शमन यांच्या सिद्धान्ताची फेरतपासणी बेंट फ्लिव्हबर्ग आणि कॅस सन्स्टाइन यांनी २०१६ मध्ये केली. दोन हजारांहून अधिक प्रकल्पांच्या आकडेवारीत त्यांना असे आढळले, की अनपेक्षित अडचणींवर अनपेक्षित लाभांनी मात केली असे प्रकल्प चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहेत. बाकीच्यांत खर्च वाढला आणि लाभ घटला. सदोष आराखडा तारून जाणे हा अपवाद आहे, हे ध्यानात घेऊनच छत्तीसगडचे उदाहरण वाचावयास हवे.

आणि या उदाहरणातही एक दोष असा आहे, जो योजनेच्या यशातूनच वाढला. स्वस्त तांदळासाठी धान हवे, धानासाठी हमखास खरेदी हवी, आणि हमखास खरेदीमुळे शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळत नाही. २०१८-१९ च्या हंगामात साधारण धानाची केंद्राची आधारभूत किंमत क्विंटलला १,७५० रुपये असताना राज्याने २,५०० रुपये दिले. २०२१ च्या खरिपात धान सोडून डाळी, तेलबिया वा कोदो-कुटकी घेणाऱ्यास एकरी १०,००० रुपये देण्याचे जाहीर झाले; परंतु धानच घेणाऱ्यास ९,००० रुपये होतेच, वर हमीची खरेदीही होती. एक हजाराच्या फरकाने शेतकऱ्याने धान सोडावे, अशी ती अपेक्षा. २०२३-२४ मध्ये आधारभूत किंमत २,१८३ रुपये झाली, तेव्हा राज्याने एकरी २१ क्विंटलपर्यंतचे धान ३,१०० रुपये दराने घेतले. त्या वर्षी बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कोदो पेरण्याचा सल्ला कोणत्या हिशेबाने द्यावयाचा, याचे उत्तर कृषी खात्याच्या कोणत्याही पत्रकात नव्हते.